नाकारलेला पाला

पाटी भिंतीवर चढली त्या दिवशी आत्याचं डोकं फिरलं ते फिरलंच.

पाटी चांगली चार हात लांब, निळी, गुळगुळीत. वर पांढरी ठसठशीत अक्षरं. आत्याने ती ओठ हलवत, एकेक शब्द जुळवत वाचली. ‘शिस्तीचे राज्य. राणी हुकूम देते. प्रत्येक मुंगी आपली जागा ओळखते. कोणी प्रश्न विचारत नाही. कोणी तक्रार करत नाही.’

वाचून झाल्यावर ती पुन्हा पहिल्या ओळीवर आली. वाटलं, आपल्याच वाचण्यात काही चुकलं असेल. पण अक्षरं तीच होती.

“हे कुणी लिहिलं?” तिने विचारलं.

संग्रहालयाचा दारवान घडवंचीवर उभा राहून शेवटचा खिळा ठोकत होता. तो आत्याचा सख्खा भाचा. पोट सुटलेला, दोन पोरांचा बाप, पण आत्यासमोर अजून अर्ध्या चड्डीतलाच. तो तिला आत्या म्हणायचा म्हणून सगळं संग्रहालयच तिला आत्या म्हणू लागलं होतं.

“साहेबांनी,” तो म्हणाला.

“त्यांनी कधी मुंगी पाहिलीय का?”

“चहात पडलेली पाहिली असेल.”

आत्या हसली नाही. एरवी ती भाच्याच्या अशा बोलण्याला हसून त्याच्या पाठीत धपाटा घालायची.

कीटक विभागाच्या त्या दालनात, भिंतीच्या कडेने, पानकाप्या मुंग्यांची वसाहत होती. काचेच्या पेट्या एकमेकींना जाड नळ्यांनी जोडलेल्या. पुढे, प्रेक्षकांसमोर, पाला ठेवायचं काचेच्या झाकणाचं टेबल. मधे, अंधारलेल्या काचेआड, बाग. आणि भिंतीपलीकडे, मागच्या खोलीत, केराची पेटी. मुंग्या टेबलावर पानं कापायच्या, अर्ध्या चंद्रासारखा तुकडा डोक्यावर उभा धरून नळीतून बागेत न्यायच्या. पानं त्या खात नाहीत. बागेतल्या चिमुकल्या मुंग्या तो तुकडा चाटून पुसून स्वच्छ करतात, चावून त्याचा लगदा करतात आणि त्यावर बुरशी लावतात. माळिणींनी वाफा लावावा तशी. ती पांढरी, भुसभुशीत बुरशी हेच सगळ्या घराचं जेवण. लहानमोठ्या, मोठ्या डोक्याच्या राखणीवाल्या, राणी, पोरंबाळं, सगळ्यांची एकच पंगत.

अकरा वर्षांपूर्वी जुन्या डॉक्टरांनी ती राणी साबणाच्या डबीएवढ्या पेटीतून आणली होती. बरोबर वाटाण्याएवढी बुरशी. त्या दिवसापासून पाला आणायचा तो आत्याने, केर काढायचा तोही आत्याने. कागदावर ती सफाई कामगार. पण डॉक्टर तिला शेजारी स्टुलावर बसवायचे, भिंग हातात द्यायचे आणि म्हणायचे, “काय दिसतं ते सांगा. मी सांगणार नाही.” बघता बघता वाटाण्याची दोन पावांएवढी बाग झाली. डॉक्टर मागच्या वर्षी वारले. भिंग आत्याकडे राहिलं.

तर अकरा वर्षांत आत्याने राणीला हुकूम देताना एकदाही पाहिलं नव्हतं. ती बिचारी बाळंतिणीच्या खोलीतून कधी उठलीच नाही. अंडी घालायची, पोरी भरवतील ते खायचं, पुन्हा अंडी घालायची. हुकूम सोडायला तिला फुरसत कुठली! कुठलं पान घ्यायचं आणि कुठलं सोडायचं हे ठरवायची ती पानापाशी उभी असलेली मुंगी. मिशीने चाचपायची, चव बघायची, पटलं तर कापायची. आणि तक्रार करत नाहीत म्हणे! बागेला एखादा पाला मानवला नाही तर दोनचार दिवसांत सगळ्या घराला कळायचं आणि त्या पाल्याकडे कुणी ढुंकून बघायचं नाही. ह्याहून वेगळी तक्रार ती कोणती असते?

साहेब तीन महिन्यांपूर्वी आले होते. त्याआधी ते कुठल्याशा कंपनीत गाड्यांमधून माल रवाना करण्याचं खातं सांभाळायचे. माणूस नीटनेटका. टेबलावर पितळेची एक मोठी मुंगी, कागद दाबायला. त्या मुंगीला पाय आठ होते. आत्याने पहिल्याच दिवशी मोजले होते, पण नव्या माणसाला लगेच कशाला टोका, म्हणून गप्प बसली होती.

पाटी लागल्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना दालनात उभं केलं.

“ह्या मुंग्यांकडून शिका,” ते म्हणाले. “ह्यांच्यात केर काढणाऱ्या मुंग्या वेगळ्या असतात. त्या केराच्या पेटीतच राहतात. बागेत पाऊल टाकत नाहीत. टाकलं तर बाकीच्या त्यांना चावून हाकलतात. म्हणून हे राज्य टिकलं. आपल्याकडेही आता तसंच. सफाईच्या माणसांनी मागच्या दाराने यायचं, मागेच काम करायचं. प्रेक्षकांच्या दालनात दिसायचं नाही.”

आत्याच्या अंगाचा तिळपापड झाला. साहेब म्हणाले ते खोटं नव्हतं, म्हणून तर जास्तच. केरवाल्या मुंग्या परत येत नाहीत हे खरंच होतं. पण त्या कोण असतात? जन्मभर पानं वाहून दात झिजलेल्या म्हाताऱ्या. केरात रोग असतो, तो बागेला लागू नये म्हणून ज्यांचे थोडेच दिवस उरलेत त्या आपण होऊन त्या कामाला जातात. डॉक्टर हे सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज खाली यायचा. आणि हा गृहस्थ त्यातून माणसांना मागचं दार दाखवत होता!

“साहेब,” ती म्हणाली, “मला कसला रोग झालाय?”

कुणीतरी खोकल्याचं निमित्त करून हसलं.

“आत्या, मनाला लावून घेऊ नका. ही व्यवस्था आहे.”

“आणि पाला? पाला पुढच्या टेबलावर ठेवावा लागतो.”

“पाला आता ठेकेदाराच्या गाडीने येईल. कुंपणाच्या झुडपाची एकसारखी पानं, धुतलेली, चकचकीत. तुम्ही पिशवी घेऊन गल्लोगल्ली झुडपं ओरबाडता, ते संस्थेला शोभत नाही. मी स्वतः ठेवीन रोज सकाळी.”

आणि त्यांनी टेबलाच्या झाकणाला कुलूप लावून चावी खिशात टाकली.

ओरबाडणं! आत्या धोबिणीच्या अंगणातल्या लिंबाची पानं आणायची ती धोबिणीला विचारून, एका फांदीची चार, दुसरीची चार. छापखान्यामागचा गुलाब, दवाखान्याचं कुंपण. रस्त्याकडेचं, धूळ-धूर बसलेलं पान तिने कधी उचललं नव्हतं. कुठल्या झाडाला कधी पालवी येते, कुठल्या घरी कधी औषध फवारतात, हे तिला पाठ होतं. ते सगळं त्या एका शब्दात गेलं.

घरी आली ती चपला भिरकावतच.

“अहो, ऐकताय का?”

“ऐकतोय,” नवरा म्हणाला. तो खिडकीशी बसून किटलीची सुटलेली मूठ तारेने बांधत होता. “तू इतकी ओरडतेयस की वरच्या मजल्यावरचेही ऐकतायत.”

तिने सगळं सांगितलं. पाटी, मागचं दार, कुलूप.

“एवढं काय? त्या मुंग्या काय तुझ्या माहेरच्या आहेत?”

“माहेरी मी अठरा वर्षं होते. त्यातली सहा मला आठवत नाहीत. ह्यांच्यात अकरा काढलीत, सगळी आठवतात.”

नवरा तीस वर्षं पावाच्या भट्टीवर होता. त्याने किटली बाजूला ठेवली.

“पाला कसला आहे म्हणालीस?”

“चकचकीत.”

“हं.” त्याने हातातली तार गुंडाळली. “आमच्याकडे एकदा मालकाने असंच पांढरंशुभ्र पीठ आणलं होतं. महिनाभर अळी धरत नाही म्हणून. पण खमीर जिवंत असतं गं. ते मेलं की ओरडत नाही. नुसतं फुगायचं थांबतं. आम्हाला कळलं तेव्हा भट्टीत विटा भाजून निघाल्या. तू त्या केराकडे लक्ष ठेव.”

आत्या डोळ्यांत तेल घालून केराकडे बघू लागली. तेवढंच तर तिच्या हातात राहिलं होतं.

तीन दिवस पेटीत नेहमीचा केर आला. तपकिरी, कोरडा, चहाच्या चोथ्यासारखा. चौथ्या दिवशी त्यात हिरवं दिसलं. पानांचे कापलेले तुकडे, जसेच्या तसे. आत नेलेलं पान परत केरात फेकलं होतं. आत्याने भिंग लावलं. चूक नव्हती.

तिने मागच्या खिडकीतून भाच्याला हाक मारली.

“टेबलावर काय चाललंय?”

“गंमतच आहे आत्या. पाल्याचा ढीग तसाच. मुंग्या येतात, हुंगतात, निघून जातात. पाहुण्याने शिळ्या भाकरीला हात लावून पाणी मागावं तशा.”

“साहेब काय म्हणतात?”

“पोट भरलंय म्हणतात.”

सहाव्या दिवशी केरात पांढरे-करडे गोळे आले. बाग. मुंग्या स्वतःच्या बागेचे मेलेले तुकडे तोडून बाहेर टाकत होत्या. त्यांत दोन पोरंही होती, तांदळाच्या कणीएवढी, पांढरी. आत्याने चिमटा खाली ठेवला आणि भिंतीला टेकून बसली. तिने अकरा वर्षांत त्या पेटीत असं काही पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात मागच्या दाराशी ठेकेदाराची गाडी लागली. चालक पिशव्या उतरवू लागला. मिशीवाला, बोलका माणूस.

“दादा,” आत्या म्हणाली, “पाला छान चकचकीत आहे हो.”

“मग! पंधरा दिवस ठेवा मावशी, बुरशीचा ठिपका दिसला तर ही मिशी उतरवून देतो.”

“असं काय करता त्याला?”

“औषधात बुडवतो ना. बुरशीचं औषध. एक नंबर आहे.”

आत्याने पिशवीत डोकावून पाहिलं.

“अरे बाबा,” ती म्हणाली, “ह्यांचं जेवणच बुरशी आहे रे.”

चालकाने पिशवी खाली ठेवली. मिशीवरून हात फिरवला. “आम्हाला कुणी सांगितलं नाही,” तो म्हणाला. “कागदावर नुसतं लिहिलं होतं: पाला, चांगला दिसणारा.”

आत्या मागच्या जिन्याने तडक साहेबांच्या खोलीत गेली. हातात केराचा एक गोळा कागदावर घेऊन.

“साहेब, पाल्याला विष आहे. बाग मरतेय. हे बघा.”

साहेबांनी खुर्ची मागे घेतली. “ते इथे कशाला आणलंत?”

“तुम्ही केराकडे येत नाही म्हणून.”

“पाल्यात दोष नाही. मी स्वतः निवडलाय. मुंग्यांना सवय नाही, एवढंच. आतापर्यंत तुम्ही त्यांचे लाड केलेत, आज लिंबू, उद्या गुलाब. आता दुसरं काही मिळणार नाही म्हटल्यावर भूक लागेल आणि मुकाट्याने खातील.”

“त्या खाणार नाहीत. मरतील, पण खाणार नाहीत. बागेला मारणारं पान त्या आत नेत नाहीत.”

“तुम्हाला हे कुणी सांगितलं?”

“त्यांनीच.”

साहेब हसले. ते हसणं आत्याला फार लागलं. वैऱ्याने शिवी द्यावी ते बरं, पण लहान पोराकडे बघून हसावं तसं ते हसणं होतं.

“असं करा, लेखी द्या. मी विचार करतो.”

तिने लेखी दिलं. दुपारच्या सुट्टीत भाकरी बाजूला सारून, मागच्या खोलीत उलट्या बादलीवर कागद ठेवून पाच ओळी लिहिल्या. ‘पाल्याला बुरशीचे औषध आहे. मुंग्या बुरशी खातात. बाग मरत आहे. पाला बदला. लवकर.’ शेवटचा शब्द तिने दोनदा गिरवला. साहेबांनी कागद घेतला, त्या आठ पायांच्या पितळी मुंगीखाली ठेवला आणि ‘बघतो’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी कागद तिथेच होता. तिसऱ्या दिवशीही. वर पाण्याच्या पेल्याचा गोल डाग पडला होता.

आणि इथे आत्याने एक चूक केली. रागात माणूस स्वतःला ठाऊक असलेलंच विसरतो.

धोबिणीकडून तिने कोवळी लिंबाची पानं आणली, स्वच्छ पुसली आणि केराच्या पेटीत ठेवली. तिच्या हाताला तेवढंच दार लागत होतं. तिला वाटलं, नळी तर आहे. उपाशी जीव आहेत. नेतील आत.

सकाळी आली तेव्हा पानं तशीच होती. कडांनी मुडपलेली, एकही चावा नसलेली. केरवाल्या म्हाताऱ्या त्यांच्यावरून चालत जात होत्या आणि आपला केर रचत होत्या. बागेतून आलेल्या मुंग्या केर टाकायच्या आणि पानाला न शिवता मागे वळायच्या. केराच्या पेटीतून आत काही जात नाही. कधीच गेलं नव्हतं. पान कितीही कोवळं असो, ते केरातून आलं की केरच. हे आत्यानेच येणाऱ्या-जाणाऱ्याला शंभरदा सांगितलं होतं!

“मूर्ख बाई,” ती स्वतःला मोठ्याने म्हणाली. “मागच्या दाराने पाठवतेयस होय? साहेबांनी शिकवलेलं बरं लवकर अंगी लागलं तुझ्या!”

तिने ती वाळकी पानं मुठीत घेतली. बागेला पाला द्यायचा तर तो पुढूनच द्यायला हवा होता.

पुढचं दार उघडलं ते दोन दिवसांनी. नव्या सजवलेल्या दालनाचं उद्घाटन होतं. संस्थेच्या अध्यक्षबाई यायच्या होत्या. सत्तरीच्या, काठी टेकत चालणाऱ्या, पण नजर सुईसारखी. साहेबांनी योजना अशी केली होती की अध्यक्षबाईंच्या हाताने पहिलं पान टेबलावर ठेवायचं, म्हणजे मुंग्या ते कापून नेतील आणि पाहुणे टाळ्या वाजवतील. त्यासाठी झाकण उघडं राहणार होतं.

“आत्या,” भाचा सकाळी मागच्या खिडकीशी येऊन कुजबुजला, “तू काही करणार नाहीयेस ना?”

“मी काय करणार? मी तर केरवाली.”

“हे तू असं म्हणतेस ना, तेव्हा मला जास्त भीती वाटते.”

“तुला दाराशी उभं राहायचा पगार मिळतो. मी आले की काय करशील?”

भाच्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. “आत्याला अडवलं तर घरी आई मला जेवायला वाढणार नाही,” तो म्हणाला. “दार ढकललेलं असेल. कडी नसेल.”

दालनात वीस-पंचवीस माणसं होती. साहेब पाटीखाली उभे राहून शिस्तीवर बोलत होते. टेबलावर चकचकीत पानांचा ढीग. त्यावर एकही मुंगी नव्हती. नळीच्या तोंडाशी चार-दोन सुस्त फिरत होत्या.

“ह्या कापत का नाहीत?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“आज त्यांचा विश्रांतीचा दिवस आहे,” साहेब म्हणाले.

तेव्हा दार उघडलं आणि आत्या आत आली. अंगावर कामाचा निळा डगला, खांद्याला पाल्याची पिशवी, दोन्ही हातांत केराच्या पेटीचा खालचा ट्रे.

“विश्रांती?” ती म्हणाली. “अकरा वर्षांत ह्यांनी एक सुट्टी घेतलेली मी पाहिली नाही.”

“आत्या, तुम्ही इथे...”

“आले, साहेब. पुढच्या दाराने आले. मागून सांगून बघितलं. तोंडाने सांगितलं, कागदावर सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.” तिने ट्रे पाहुण्यांसाठी मांडलेल्या टेबलाच्या पांढऱ्या कापडावर ठेवला. कुबट वास सुटला. पुढच्या रांगेतली माणसं मागे सरली. अध्यक्षबाई मात्र पुढे झाल्या.

“हे काय आहे?”

“ही बाग आहे, बाई. म्हणजे होती. ही पांढरी ढेकळं बघा. हे ह्यांचं अन्न. आणि ही पोरं. मोजू नका, पुष्कळ आहेत. ह्या पाल्याला बुरशी मारायचं औषध लावलंय आणि ह्या बिचाऱ्या बुरशीवर जगतात. जेवढा पहिल्या तीन-चार दिवसांत आत नेला तेवढ्याने अर्ध्याहून जास्त बाग मेली. मग त्यांना कळलं. त्यांना चार दिवसांत कळलं, बाई! ज्यांना मोहरीएवढं डोकं आहे त्यांना. आणि इथे ज्यांच्या खिशात चावी आहे ते म्हणतात, उपाशी ठेवा, झक मारत खातील.”

“मी असं म्हणालो नाही,” साहेब म्हणाले.

“तुम्ही ‘मुकाट्याने’ म्हणालात. ते मी विसरलेले नाही.”

आत्याने भिंतीकडे बोट केलं.

“आणि ही पाटी. राणी हुकूम देते म्हणे. राणी आत अंधारात उपाशी बसलीय आणि तिच्या पोरी आपल्या वाटचं तिला भरवतायत. कुणाच्या हुकमाने? कोणी प्रश्न विचारत नाही म्हणे! आठवडाभर त्या ह्या ढिगाला नाही म्हणतायत. सगळ्या. एकेक मुंगी येते, चव बघते आणि नाही म्हणते. ह्याहून मोठा प्रश्न कसा विचारतात ते मला तरी ठाऊक नाही.”

अध्यक्षबाई साहेबांकडे वळल्या. “औषधाचा पाला कुणी मागवला?”

“ठेकेदाराने परस्पर...”

“ठेकेदार कुणी मागवला?”

साहेब पाटीकडे बघू लागले.

अध्यक्षबाईंनी हात पुढे केला. साहेबांकडे नाही, आत्याकडे. आत्याने आधी टेबलावरचा ढीग दोन्ही हातांनी पिशवीत भरला, ओल्या फडक्याने काच पुसली, कोरड्याने पुसली आणि मग लिंबाचं एक कोवळं पान त्यांच्या तळहातावर ठेवलं. बाईंनी ते टेबलावर ठेवलं.

काही झालं नाही.

एक मुंगी नळीतून आली. पानाच्या कडेपर्यंत गेली. मिशी लावली. वळली आणि निघून गेली. दुसरी आली, तीही गेली. मागे कुणीतरी घड्याळ बघितलं. साहेबांच्या चेहऱ्यावर थोडी तरतरी आली. आपण उशीर केला, तिला वाटलं. दोन दिवसांपूर्वीच यायला हवं होतं, कुलूप फोडून.

तिसरी मुंगी मोठी होती, एक पाय नसलेली. ती पानावर चढली, पूर्ण एक फेरी मारली, देठाशी थांबली. मग कडेला आली, मागचे पाय रोवले आणि जबडा लावला. एवढ्या शांततेत कापल्याचा आवाज येईल की काय असं वाटलं. अर्ध्या चंद्राचा तुकडा सुटला, डोक्यावर उभा राहिला आणि नळीकडे हलत निघाला. त्यावर एक चिमुकली माळीण चढून बसली होती. नळीच्या तोंडाशी त्यांना चारजणी भेटल्या. त्यांनी तुकड्याला मिशा लावल्या. आणि त्या चारी पानाकडे धावल्या.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. भाच्याने तेवढं दारातून नाक शिंकरलं.

त्या दिवशी संध्याकाळी आत्याने आतली काच उघडून भिंगाने बाग बघितली. दोन पावांएवढी होती ती मुठीएवढी उरली होती. तिच्या मधोमध राणी होती, सुकलेली, पण पाय हलत होते. चिमण्या माळिणी मेलेल्या कडा तोडत होत्या आणि नव्या लगद्यावर जिवंत बुरशीचे टिपूस लावत होत्या. आत्या घरी जाऊन नवऱ्याला म्हणाली, “फुगेल.” त्याने तिच्यापुढे ताट सरकवलं, एवढंच.

साहेबांचं काही झालं नाही. अशा माणसांचं होत नसतं. ठेकेदाराची गाडी बंद झाली, मागच्या दाराचा नियम ‘तूर्त’ स्थगित झाला, चावी आत्याकडे आली. पाटी उतरवायचं ठरलं, पण नवी तयार व्हायला वेळ लागतो म्हणे, म्हणून ती तशीच राहिली. भाच्याने तिच्यावर तपकिरी कागद चिकटवला. रोज थोडा सुटायचा, रोज तो परत चिकटवायचा.

तीन आठवड्यांनी साहेब दालनात आले. आत्या टेबलापाशी होती. साहेबांच्या मागे छायाचित्रकार उभा होता.

“आत्या, माहितीपत्रक काढतोय. तुमचा-माझा मुंग्यांबरोबर एक फोटो घेऊ. झालं गेलं विसरू. आपण सगळे एकाच घरातले.”

आत्याने त्यांना टेबलाजवळ बोलावलं. एका बाजूला लिंबाची पानं होती, त्यांची चाळण झालेली. दुसऱ्या बाजूला कुंपणाच्या झुडपाची पानं होती. त्यांना एकही चावा नव्हता.

“ही तीच का?” साहेब दचकले. “ठेकेदाराची?”

“नाही. दवाखान्याच्या कुंपणाची. मी आज सकाळी माझ्या हाताने तोडलीत. औषध नाही, धूळ नाही. ह्याच कुंपणाची पानं ह्यांनी अकरा वर्षं खुशाल नेलीत.”

“मग आता का नेत नाहीत? पान तर स्वच्छ आहे.”

“पान स्वच्छच आहे,” आत्या म्हणाली. “पण ह्याच जातीच्या पानाने बाग मारली, हे त्यांच्या लक्षात आहे. मी रोज चार ठेवून बघते. रोज येतात, चाचपतात, जातात.”

“किती दिवस असं?”

“काही आठवडे लागतात. कधी महिने.”

साहेबांनी मान डोलावली. ‘रोचक आहे’ म्हणाले. मग छायाचित्रकाराला पुढे यायची खूण केली आणि आत्याच्या शेजारी जागा करून उभे राहिले. “मग, फोटो घेऊ या?”

आत्याने झाकण लावलं, कुलूप घातलं, चावी डगल्याच्या खिशात टाकली आणि रिकामी पिशवी खांद्याला अडकवली.

“बघू,” ती म्हणाली. “काही आठवडे जाऊ देत.”

आणि ती पुढच्या दाराने पाला आणायला निघून गेली.